मॅच चालू असताना वावरात जाणाऱ्या भावाला

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वाचकाचं चार पानी पत्र आलंय. वय ४२. नाव-गाव छापू नका, म्हणतात. सगळं पत्र इथे मावणार नाही, मुद्द्याचं देते.

‘ताई, सविनय नमस्कार. मी मॅच बघितली की भारत हरतो. हसू नका. १३ मार्च १९९६, वर्ल्ड कपची सेमी फायनल, मी बारा वर्षांचा होतो. टीव्ही काकांकडे. मी उशिरा पोचलो, टेकलो, आणि सचिन स्टंप झाला. काका म्हणाले, हा आला अन् तो गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००३ ची फायनल पूर्ण बघितली. २०११ ला मित्रांनीच सांगितलं, भो, तू वावरात जा. थ्री फेज लाईट रात्रीची होती, केळीला पाणी भरत बसलो, आणि आपण जिंकलो. तेव्हापासून पनवती हे नाव पक्कं झालं. २०२३ ला वानखेडेवरची सेमी फायनल पोरीने बळंच बघायला लावली, शमीच्या सात विकेट, तेव्हा काही झालं नाही, म्हणून धीर आला. फायनलला बसलो. ताई, त्यानंतर दोन दिवस मी बागेत गेलो नाही. व्यापाऱ्याची गाडी आली तर बायकोने उभं राहून माल तोलून दिला. २९ जून २०२४ ला, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलला, मोटारीजवळच्या खोपडीत बसून होतो, फटाके वाजले तेव्हा कळलं. मुलींच्या वर्ल्ड कपचा तर एकही सामना बघितला नाही, उगाच रिस्क नको. फायनलच्या रात्री गच्चीवर होतो. बारा वाजून गेल्यावर पोरगी वर आली. रडत होती, आनंदाने. म्हणाली, पप्पा, तुम्ही काहीच नाही बघितलं.

पोरगी तेरा वर्षांची आहे. शाळेच्या संघात ऑफ स्पिन टाकते. तालुक्याचे दोन सामने झाले, मी गेलो नाही, दोन्ही जिंकल्या. आता जळगावला जिल्ह्याचे आहेत. परवा जेवताना तिने विचारलं, पप्पा, तुम्ही आलात तर मी हरेन असं वाटतं का तुम्हाला? घास उतरला नाही. काय करू?’

भाऊ,

पहिल्या पानावर हसले. लपवत नाही. तुमच्या काकांचं ते वाक्य वाचलं आणि आमच्याकडचे सगळे काका-मामा एका रांगेत डोळ्यांसमोर उभे राहिले. चौथ्या पानावर पोरीचा प्रश्न आला आणि हातातला चहा तसाच गार झाला.

तुम्ही मला शहाणी बाई समजून लिहिलंय, तेव्हा आधी माझा गुन्हा सांगून टाकते. ३१ जानेवारी १९९९, रविवार. चेन्नईत पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीचा चौथा दिवस, आणि आमची भरीत पार्टी. मामाचं शेत आसोद्याच्या बाजूला. वांगी बामणोदची. वीस-बावीस माणसं, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. जिंकायला २७१ हवे होते आणि ८२ वर पाच गेलेले. सगळे टीव्हीकडे पाठ करून मिरच्या-लसणाच्या गप्पा मारत होते. मग सचिन आणि मोंगिया टिकले. पन्नासची भागी झाली, शंभरची झाली, आणि कोणीतरी ओरडलं, ‘आता कोणी जागेवरून हलायचं नाही!’

झालं. जो जिथे तो तिथे. मामा पासष्टीचे, गुडघेदुखीचे, पाणी प्यायला म्हणून उकिडवे बसलेले; तसेच उकिडवे. वहिनीच्या हातात परात, तशीच. कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी घातली होती आणि ती उलटायचं काम माझ्याकडे होतं. पण मी टीव्ही बघायला दहा पावलं पुढे आले होते, ती तिथेच अडकले. जाळाकडे जरा कलले की मागून आवाज, ‘हलू नको ना गं माय, थांब जराशी!’ करपल्याचा वास यायला लागला. सगळ्यांना आला. एकजण बोलला नाही. सचिन पाठ धरून खेळत होता, दर चेंडूनंतर वाकत होता. १३६ वर सकलेनला उचलून मारायला गेला आणि चेंडू अक्रमच्या हातात. सतरा धावा हव्या होत्या, तीन गडी शिल्लक. चार धावांत तिघेही परत. बारा धावांनी हरलो.

मामांना दोघांनी धरून उभं केलं. वांग्यांचा कोळसा. आणि एक आतेभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तू मधी मान वळवली ना वांग्यांकडे?’

वळवली होती, भाऊ. खरंच वळवली होती. आणि पुढची सात-आठ वर्षं मला मनातून वाटत राहिलं की चेन्नईची कसोटी मी घालवली. मी भुसावळच्या शाळेत गणित शिकवायची. दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवून यायची, आणि मॅच लागली की मान वळवायची नाही.

त्यामुळे तुमचा रोग मला परका नाही. पण गणिताची बाई आहे, वही तपासल्याशिवाय सोडणार नाही. तुमच्याच पत्रातून दोन ओळी काढते.

पहिली: ‘शमीच्या सात विकेट, तेव्हा काही झालं नाही.’ काही झालं नाही म्हणजे काय? भारत जिंकला! ३९७ केले, विराटचं पन्नासावं शतक झालं, ७० धावांनी न्यूझीलंडला हरवलं, आणि ते सगळं तुम्ही पोरीशेजारी बसून बघितलंत. तुमच्या वहीत त्याची नोंद काय, तर काही झालं नाही. जिंकलं की शमीच्या नावावर, हरलं की तुमच्या नावावर. असा हिशेब तर गावातला सावकारही ठेवत नाही.

दुसरी: ‘मुलींच्या वर्ल्ड कपचा एकही सामना बघितला नाही.’ बरं. मग त्या स्पर्धेत आपल्या मुली सलग तीन सामने हरल्या, दक्षिण आफ्रिकेशी, ऑस्ट्रेलियाशी, इंग्लंडशी, ते कोणाच्या बघण्याने? तुम्ही तर गच्चीवर. का गच्चीवरून मान वळवली होती?

आता बाकीचेही उरकून टाकू. १९९६ ला ईडन गार्डन्सची खेळपट्टी दुसऱ्या डावात पार भेगाळली होती. एक बाद ९८ वरून आठ बाद १२० झाले. तुम्ही त्या संध्याकाळी काकांकडे न जाता नदीवर पोहायला गेला असतात तरी भेगा बुजल्या नसत्या. २००३ ला ऑस्ट्रेलियाने दोन गडी गमावून ३५९ केले, पाँटिंग नाबाद १४०. त्यात तुमचा वाटा किती धरायचा? २०२३ ला पहिल्या दहा षटकांत आपल्या ८० धावा झाल्या आणि पुढच्या चाळीस षटकांत चौकार फक्त चार. रोहितचा झेल हेडने मागे पळत जाऊन घेतला आणि मग त्यानेच १३७ ठोकले. त्या स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं होती, घराघरांत कोट्यवधी. एवढ्या नजरांतून नेमकी तुमचीच लागली? कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढंच. पण तुम्ही तर तीस वर्षं कावळ्याच्या बाजूने स्वतःवर खटला चालवताय.

तुम्ही केळीवाले. मे-जूनमध्ये वावधन सुटतं, एका तासात उभी बाग आडवी होते, घड मातीत. तेव्हा तुम्ही म्हणता का, की मी बांधावरून बागेकडे बघितलं म्हणून पडली? पंचनामा करायला आलेल्या तलाठ्याला असं सांगून बघा. निसर्गापुढे आपलं चालत नाही हे शेतकऱ्याइतकं कोणाला कळतं? तेवढं कळूनही क्रिकेटपुढे मात्र तुम्हाला वाटतं की आपलं चालतं, आणि उलटं चालतं.

आता हे सगळं तर्काचं झालं. तर्काने सुटत असतं तर मीही आठ वर्षं अडकले नसते.

मला वाटतं गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडच्या जत्रेतली कुस्ती आठवा. नारळाच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, मग मोठ्या जोड्या. पैलवान आवडला की कडेला उभा असलेला माणूस आत जातो आणि त्याच्या हातावर दहा-पन्नास रुपये इनाम ठेवतो. जिंकला की खांद्यावर घेतो. अंगाला माती लागते. बारागाड्या बघा, एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या: पुढे त्या ओढणारा भगत, दोन्ही बाजूंना बगले, आणि मागे अख्खं गाव ओरडत, ढकलत, धावत. गाड्या कोणी ओढल्या विचारलं तर भगताचं नाव सांगतील, पण मनात प्रत्येकाचं म्हणणं एकच, थोड्या मी पण. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा आमच्या गल्लीत ज्याने आयुष्यात लंगोट बांधला नाही त्याने पेढे वाटले. त्याला विचारलं, तुझा काय संबंध? म्हणाला, ‘आपलाच गडी ना भो.’

टीव्हीत हे काही करता येत नाही. २०२४ च्या फायनलला तिकडे ब्रिजटाऊनला मिलरने मारलेला चेंडू सीमारेषेकडे चाललाय आणि आपण इथे, खान्देशात, खाटेवर. आवाज पोचत नाही, हात पोचत नाही, दहा रुपये पोचत नाहीत. जीव तर तितकाच टांगलेला. मग माणूस काय करतो? पाय हलवत नाही. उशी सोडत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते मांडून बसलेली माणसं मागे उभ्या असलेल्याला हाकलतात ना, ‘तू इथून सरक, पत्ते बिघडतात’? तेच. कुठेतरी आपला हात लागावा, वाईट लागला तरी चालेल, पण लागावा. आपल्या बघण्याने काहीही होत नाही हे कबूल करायला पनवती होण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

इतरांचा टोटका स्वस्तातला असतो, भाऊ. तुमचा महागातला. ते जागा धरून बसतात, तुम्ही जागाच सोडलीत. इतका जीव, आणि तो दाखवायचा कसा, तर मॅच न बघून! त्याग आहे खरा, पण घेणारा कोणी नाही.

तुमच्या समाधानासाठी एक सांगते. २०११ च्या त्या रात्री खुद्द सचिनने धोनीचा षटकार बघितला नाही. त्यानेच नंतर सांगितलंय: तो ड्रेसिंग रूममध्ये देवाचं नाव घेत बसला होता आणि सेहवागला जागचं हलू देत नव्हता. म्हणजे तुम्ही केळीत पाणी भरत होता तेव्हा तोही तुमच्याच पंथात. फक्त फरक असा की तो १८ धावा करून, आपलं काम आटपून आत बसला होता. सेहवाग बिचारा शून्यावर बाद, वर हलायचीही बंदी.

तो षटकार तुम्ही नंतर शंभर वेळा बघितला असेल. तरी ते बघणं नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. निकाल ठाऊक असताना बघणं म्हणजे लग्नाचा अल्बम बघणं. २९ जून २०२४ ला दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस हव्या होत्या, क्लासेन सुटला होता, आणि मी पोटात गोळा घेऊन म्हणत होते, गेली, हीही गेली. नातवाने माझा हात धरला होता आणि त्याचा हात ओला होता का माझा, कळत नव्हतं. हार्दिकने क्लासेनला काढलं. बुमराने अठराव्या षटकात दोनच धावा दिल्या. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर चेंडू पकडला, बाहेर जाता जाता हवेत उडवला, परत आत येऊन धरला. आमच्या घरातून जो आरडाओरडा झाला तो ऐकून समोरच्या काकू गॅलरीत आल्या. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. घाबरून विचारत होत्या, ‘काय झालं गं, कोण पडलं?’

ती गेली-गेलीची पंधरा मिनिटं ज्याने सोसली त्यालाच तो झेल मिळाला. तुम्हाला फटाके मिळाले. आपण जिंकलो त्या तीन रात्री परत येणार नाहीत आणि मी खोटा दिलासा देणार नाही.

आता १९ नोव्हेंबर २०२३ च्या फायनलनंतरच्या तुमच्या दोन दिवसांविषयी. त्याची लाज वाटून घेऊ नका. सलग दहा सामने जिंकून अकरावा हरणं हे लग्नाच्या मांडवातून वरात परत जाण्यासारखं आहे, माणूस सुन्न होणारच. ‘एवढं काय, खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी आयुष्यात कधी कशावर असा जीव लावलेला नसतो, त्यांचं ऐकू नये. पण तुमच्या पत्रात बायको एकाच वाक्यात येते, आणि त्या वाक्यात ती काट्याजवळ उभी राहून माल तोलून देतेय. तुम्ही दोन दिवस आत पडून, आणि वजनात काटा मारतात की काय ते तिने एकटीने बघायचं. ही उधारी आहे. पत्रात तिला काय वाटलं ते कुठे नाही, विचारलंच नसेल. विचारा.

आमच्याकडे मुलं लहान होती तेव्हा साधी पद्धत होती. हरलो की जेवणापर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, चिडायचं त्याने चिडायचं, रडायचं त्याने रडायचं. त्या दिवशी खिचडी. शेवभाजी अजिबात नाही, शेवभाजी खायला मन ठिकाणावर लागतं. आणि ताट उचललं की विषय बंद. एखादा धाकटा रात्री अंथरुणात हुंदके द्यायचा, ते चालायचं.

चेन्नईचं एक राहिलं. आपण हरल्यावर पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि चेन्नईचे लोक उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी आणि टाळ्या चालू. आमच्या टीव्हीवर निम्म्या मुंग्याच दिसत होत्या, तरी ते दिसलं. मामा गुडघे चोळत म्हणाले, ‘ह्या लोकायनी मॅच बघितली. आपण काय बघितलं? वांगे जाळले.’

त्या तुमच्या ग्रुपवरच्या मित्रांना माझा निरोप सांगा. मॅचच्या दिवशी सकाळीच ‘भाऊ, वावरात जा रे’ असा मेसेज टाकतात म्हणे. त्यांना गंमत वाटते. पण हा शब्द गमतीचा नाही. आपल्याकडे लग्नानंतर वर्षभरात घरात कोणी गेलं, म्हैस मेली, बागेला करपा आला, की नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायचे. म्हणायचे कशाला, अजून म्हणतात, फक्त आवाज खाली करून. माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार, जन्मली त्याच आठवड्यात आजोबा गेले. आजी तिला परीक्षेला जाताना दारात थांबू द्यायची नाही, भावाला आधी बाहेर काढायची. ती मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. मी पुढे बोलावलं तर म्हणाली, ‘नको मॅडम, माझ्याजवळ बसलेल्याला कमी मार्क पडतात.’ हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. घरातलं ऐकून तिचं तिने ठरवलं होतं.

आज तुमच्या घरात बापाला पनवती म्हणतात आणि बाप हसून मान्य करतो. पोरगी तिथेच बसलेली असते. ती ऑफ स्पिन टाकते, भाऊ. उद्या तिच्या षटकात वीस धावा जातील. जाणारच, बॉलर आहे. तेव्हा ती बोटांची पकड तपासेल, टप्पा तपासेल, की ‘मी आले म्हणून हरलो’ म्हणेल? तुम्ही तिला तीस वर्षं घोटलेलं एकच उत्तर शिकवलंय. तिचा प्रश्न नीट वाचा परत. ‘मी हरेन असं वाटतं का तुम्हाला’ यात ती तुमच्या नजरेविषयी विचारत नाहीये, तिच्या बॉलिंगवर तुमचा भरवसा आहे का ते विचारतेय.

तेव्हा जळगावला जायचं. यात दुसरा पर्याय मला दिसत नाही.

पण थांबा, तुम्हाला जरा ओळखलंय या चार पानांत. तुम्ही आता उलटं टोक गाठाल. जो जीव तीस वर्षं भारतावर लावला तो सगळा उचलून त्या पोरीच्या खांद्यावर ठेवाल. ती नो-बॉल टाकेल आणि तुम्ही दोन दिवस बागेत जाणार नाही. असं केलंत तर त्यापेक्षा खोपडीत बसलेले बरे. ती भारत नाहीये. तेरा वर्षांची पोर आहे, तिला सामन्यानंतर भूक लागते.

म्हणून बारीकसारीक सांगते, शाळेच्या संघांबरोबर वीस वर्षं मैदानावर उन्हात उभी राहिलेय. बॉलरच्या पाठीमागे सरळ रेषेत उभं राहू नका, बॅटरला त्रास होतो आणि अंपायर हाकलतात. बाजूला, सावली बघून बसा. तिला नावाने हाक मारून सूचना करू नका. तिचे सर आहेत त्यासाठी. ‘वर टाक, खाली टाक’ असं ओरडणारे बाप मी पाहिलेत, आणि त्या वेळी खाली मान घातलेल्या पोरीही पाहिल्यात. पाण्याची मोठी बाटली न्या, सगळ्या पोरींना पुरेल अशी, त्याने तुमचे हात कामात राहतील. दुसऱ्या संघातल्या मुलीने चांगला फटका मारला तर टाळी वाजवा, चेन्नईवाल्यांसारखी. पोटात गोळा येईल. येऊ द्या, उठायचं नाही. टपरीवर चहा प्यायला जाण्याचं निमित्त काढाल, तेही नाही. आणि परत येताना गाडीवर मॅचचा विषय तिने काढल्याशिवाय काढायचा नाही. यावल येईपर्यंत ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प.

हरली तर? हरू शकते. २३ जुलै २०१७ ला लॉर्ड्सवर आपल्या मुली तीन बाद १९१ वर होत्या, इंग्लंडच्या २२८ च्या मागे. २१९ ला सगळ्या बाद, नऊ धावांनी गेली. त्या संघात दीप्ती शर्मा होती, तुमच्या पोरीसारखीच ऑफ स्पिन टाकणारी. हरमनप्रीतही होती. आठ वर्षांनी, तुम्ही गच्चीवर चांदण्या मोजत होता त्या रात्री, दीप्तीने ५८ केल्या आणि पाच बळी घेतले, आणि शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला. तुमच्या पोरीला हे पाठ असेल. तिच्याकडूनच ऐका, पहिल्या चेंडूपासून. शफाली सेमी फायनलला कशी ऐनवेळी संघात आली आणि फायनलला तिने ८७ कशा मारल्या, तेही ती सांगेल. त्या रात्री ती रडत वर आली होती ती हे सांगायलाच, आणि सांगण्यासारखा माणूस घरात एकटाच होता, तोही गच्चीवर.

आज रात्री जेवताना तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या. लांबण लावू नका. माझ्या पत्राचा दाखला तर मुळीच देऊ नका, पोरींना बापाने परक्या बाईला विचारून ठरवलेलं आवडत नाही. ‘मी येतोय, किती वाजता निघायचं’ एवढं विचारा. त्या दिवशी लाईट दिवसाची असो की रात्रीची, पाणी भरायला गड्याला सांगा. मोबाईल बायकोजवळ द्या, म्हणजे ग्रुप बघायचा नाही. तिलाही बरोबर घ्या.

आणि मला नंतर पत्र टाका. जिंकल्या की हरल्या ते लिहू नका. पोरगी कोणत्या टोकाकडून बॉलिंग टाकत होती आणि तिच्या पहिल्या चेंडूचं काय झालं, तेवढंच लिहा. म्हणजे तुम्ही बघितलंत हे मला कळेल.

तुमची,
ताई